मरेम्माचे पाठमोरे गुराखी

‘माणूस आणि जनावर’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा डोळ्यांपुढे आलं ते इटालियन चित्रकार जोव्हान्नी फात्तोरीचं १८८७ सालचं एक चित्र. त्यात काहीही घडत नाही. लांबट आडव्या कॅनव्हासवर तापलेलं माळरान, एक लाल बैलगाडी, जू उतरवलेले दोन पांढुरके बैल, गाडीच्या आडोशाला जमिनीवर बसलेला एक माणूस आणि दूर समुद्राची निळी पट्टी. नाव ‘विसावा’. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात ते टांगलेलं आहे. शेजारच्या दालनांत संत आहेत, राजे आहेत, रडणाऱ्या देवमाता आहेत. इथे थकलेला गाडीवान आणि त्याच्याइतकेच थकलेले बैल आहेत, आणि तिघांनाही चित्रकाराने सारखाच मान दिला आहे.

एकोणिसाव्या शतकात गुराख्यांची चित्रं पुष्कळ निघाली. ‘विसावा’च्याच दशकात अमेरिकेत फ्रेडरिक रेमिंग्टन काउबॉय रंगवत होता. त्याचे घोडे चारी पाय हवेत टाकून धावतात आणि स्वारांच्या अंगात शौर्य भिनलेलं असतं. फात्तोरीच्या घोड्यांना वजन आहे. त्याचे स्वार बऱ्याचदा पाठमोरे असतात, थांबलेले असतात, कशाची तरी वाट पाहत असतात. जनावरांमागे दिवस काढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल, कारण गुरं राखणं म्हणजे बहुतेक वेळ वाट पाहणंच असतं. ही माणसं कोण होती, कुणाची गुरं राखत होती आणि त्यांचं काम नेमकं कसं चालायचं, हे समजून घ्यायला मी चित्रांच्या मागोमाग तोस्कानाच्या दक्षिण टोकाला, मरेम्मात गेलो.

दलदलीतली जहागीर

मरेम्मा म्हणजे दक्षिण तोस्काना आणि उत्तर लात्सिओचा किनारपट्टा. आज ग्रोसेत्तोहून समुद्राकडे निघालं की दुतर्फा गव्हाची शेतं, सूर्यफुलं, छत्रीसारख्या माथ्याची पाइनची झाडं आणि पाण्याचे सरळसोट कालवे दिसतात. हे कालवे म्हणजेच या मुलखाचा इतिहास. फात्तोरीच्या काळी इथे दलदल होती, आणि दलदलीत हिवताप. ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरा याने १८२८ पासून नद्यांचा गाळ वळवून ही दलदल बुजवायला सुरुवात केली. ग्रोसेत्तोच्या मुख्य चौकात त्याचा १८४६ सालचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या पायाखाली चिरडलेला साप दाखवला आहे, तो हिवतापाचा. पण साप काही एवढ्यात मेला नव्हता. उन्हाळा लागला की ग्रोसेत्तोची कोर्टकचेरी, दफ्तरं आणि कारकून मिळून सगळं सरकार उचलून डोंगरावरच्या स्कान्सानो गावी नेत. ही पद्धत १८९७ पर्यंत चालू होती.

त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. दुसऱ्या वर्षी रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाला हिवताप देणारा डास अॅनॉफिलिस जातीचा असतो, हे सिद्ध केलं. त्याआधी शतकानुशतकं लोक दूषित हवेला दोष देत आले होते. १९०० मध्ये इटलीने सरकारी क्विनीनचा कायदा केला आणि मग कुठे मजुराच्या हाती औषध पोचू लागलं. म्हणजे फात्तोरीने मरेम्मा रंगवला तेव्हा त्याच्या चित्रातल्या माणसांना आपण कशाने मरतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

जिथे माणूस टिकत नाही तिथे शेतीपेक्षा गुरं परवडतात. तोस्कानाच्या डोंगराळ भागात वाटेकरी कुळं छोट्या शेतांवर राहत. मरेम्मात तसं नव्हतं. इथे एकेका सरदार घराण्याकडे हजारो एकरांची जहागीर होती, तिच्यावर मोकाट गुरांचे आणि घोड्यांचे कळप होते, थंडीत अपेनाइन पर्वतावरून मेंढरं उतरत, आणि सुगीच्या वेळी मुकादमांनी डोंगरातून गोळा केलेल्या मजुरांच्या टोळ्या येत. कापणी जूनमध्ये, म्हणजे हिवतापाच्या तोंडावर. घोड्यावरचा गुराखी, ज्याला तिकडे बुत्तेरो म्हणतात, तो या उतरंडीत हातावर पोट असलेल्या मजुराच्या थोडा वर. त्याला घोडा मिळे, पण तो मालकाचा. गुरं मालकाची, कुरण मालकाचं. त्याचं स्वतःचं म्हणजे फक्त कसब.

१८८२ मध्ये प्रिन्स तोम्माझो कोर्सिनीने फात्तोरीला आपल्या मार्सिलियाना या जहागिरीवर बोलावलं. चित्रकार तेव्हा ५७ वर्षांचा होता. युद्धाची चित्रं काढून त्याने नाव कमावलं होतं, पैसा मात्र नाही. मालकाचा पाहुणा म्हणून तो आला आणि त्याने चित्रं काढली ती मालकाच्या नोकरांची.

घोडा, काठी आणि नजर

अल्बेरेसे हे गाव उच्चेल्लिना टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. इथली मोठी जहागीर पूर्वी हॅब्सबर्ग-लोरेन घराण्याची होती, आज ती तोस्काना प्रांत सरकारची आहे. १९७५ पासून भोवतालचा प्रदेश मरेम्मा निसर्ग उद्यान म्हणून राखला जातो. ओम्ब्रोने नदीच्या मुखाजवळच्या पाणथळ कुरणांत मरेम्माना जातीची गुरं बारा महिने उघड्यावर राहतात. गोठा नाही, दावं नाही, वेसण नाही.

पहाटे तबेल्यात जीन कसण्यापासून बुत्तेरोचा दिवस सुरू होतो. इथलं स्काफार्दा नावाचं खोगीर पुढून-मागून उंच असतं, त्यात स्वार खुर्चीत बसावा तसा खोल बसतो. दिखाव्यापेक्षा दिवसभर बसून कंबर शाबूत राहावी, एवढाच त्याचा हेतू. पायांवर बकरीच्या केसाळ कातड्याची आवरणं असत, ती काट्याझुडपांसाठी. पावसाला लांबरुंद कोट. लगाम डाव्या हातात, कारण उजव्या हातात काठी लागते. ही काठी, उन्चिनो, या धंद्याचं खरं हत्यार आहे. पुरुषभराहून लांब, एका टोकाला नैसर्गिक आकडा. ती मारण्यासाठी नसते. घोड्यावरून न उतरता फाटकाची कडी काढायची, फाटक ओढून परत लावायचं, शिंगराच्या मानेत दोर सरकवायचा आणि चुकार जनावरापुढे नुसती आडवी धरायची. फात्तोरीच्या स्वारांच्या हातांत हीच काठी दिसते. चित्रात ती तिरपी रेघ होऊन सगळी रचना तोलते. कुरणात पाहिल्यावर कळतं की ती तशीच धरतात.

गुरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नकळत माणदेशातल्या बाजारात पोचलो. रंग खिल्लारासारखा करडा-पांढरा, मान ताठ, नजर तिखट. शिंगं मात्र खिल्लारासारखी मागे जाऊन वर येणारी नसतात. गाईची वीणेच्या आकाराची आणि बैलाची बाजूला पसरलेली, अर्धचंद्रासारखी. वासरू जन्मतं ते गव्हाळ तांबूस, आणि काही महिन्यांत करडं होतं. खिल्लारच्या वासराच्याही माथ्यावर जन्मतः विटकरी रंगाची झाक असते आणि ती पुढे जाते. दोन्ही जाती नांगर-गाडीसाठी घडवलेल्या, आणि ट्रॅक्टर आल्यावर दोन्हींच्या मुळावर एकच संकट आलं.

काम डोळ्यांनी चालतं. व्यालेली गाय वासराला झुडपात निजवून चरायला निघून जाते, आणि ते वासरू हलत नाही, ओरडत नाही. ते कुठे आहे हे बुत्तेरोला शोधावं लागतं. तो गाईची कास पाहतो. कास तट्ट भरलेली असेल तर वासरू पीत नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. कास सैल असेल तर काळजी नाही. मग गाय कुठल्या दिशेला मान वळवते ते पाहायचं, आणि त्या दिशेला घोडा हळू न्यायचा. गाय आणि वासरू यांच्या मध्ये मात्र कधीही शिरायचं नाही. एका जाणत्या बुत्तेरोने मला हे सांगितलं तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, चाळीस पावलांवरच्या एका गाईच्या कानांकडे होतं.

कळप हलवायची रीतही अशीच शांत. जनावराच्या खांद्याच्या मागे घोडा आला की ते पुढे चालतं, खांद्याच्या पुढे आला की थांबतं. स्वार या अदृश्य रेषेच्या अलीकडे-पलीकडे घोडा नाचवत शेकडो किलोंच्या जनावरांना वळवतो. आरडाओरडा केला तर कळप उधळतो आणि अर्ध्या दिवसाचं काम वाढतं. लिव्होर्नोच्या व्हिल्ला मिंबेल्लीत, फात्तोरीच्या नावाच्या संग्रहालयात, त्याचं १८९३ सालचं ‘मरेम्मातले बुत्तेरी आणि कळप’ हे मोठं चित्र आहे. अल्बेरेसे पाहून त्याच्यापुढे उभं राहिलं की लक्ष आधी स्वारांच्या चेहऱ्याकडे जात नाही. घोडा जनावरापासून किती अंतरावर ठेवला आहे, हे आधी दिसतं. हे अंतर फात्तोरीने कागदावर उतरवून घेतलं होतं. मॉडेल स्टुडिओत बसवून ते सापडत नाही.

डागणी

वसंतात डागणी होते. तिकडे तिला मेर्का म्हणतात, आणि हा मरेम्माच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. रानभर पसरलेली तरुण खोंडं आणि कालवडी हाकत आणून लाकडी ओंडक्यांच्या वाडग्यात कोंडायची. मग एकेक वेगळं काढायचं. जमिनीवर उभा असलेला माणूस फास टाकतो, दोराला पाच-सहा जण लागतात, कुणी शिंगं धरतो, कुणी शेपूट, आणि मान पिळून जनावर कुशीवर पाडतात. शेजारी आगटीत लोखंडी ठसे लाल होत असतात. मांडीवर मालकाची खूण आणि आकडा उमटवायचा. केस जळाल्याचा उग्र वास, धूर, एक हंबरडा, की दोर सुटतो आणि जनावर झेपावत कळपात शिरतं.

कुंपणं नव्हती, शेजारच्या जहागिरीची गुरंही त्याच दलदलीत चरत. त्यामुळे मांडीवरची खूण हाच सातबारा. चोरी, अदलाबदल, कोर्टातला दावा, सगळं त्या डागावर ठरे. आता प्रत्येक जनावराच्या कानात युरोपीय नियमाचा बिल्ला असतो आणि डागणी बरीचशी परंपरेपुरती उरली आहे. मला ती पाहताना त्रास झाला, हे लिहिलंच पाहिजे. खाली पाडलेल्या खोंडाचा डोळा पांढरा होतो. पण पाडणाऱ्या माणसांच्या हालचालीत क्रौर्य दिसलं नाही. जनावर जितका कमी वेळ जमिनीवर राहील तितकं बरं, एवढीच घाई होती.

फात्तोरीने १८८७ मध्ये खोंडांची डागणी रंगवली आणि शिंगरांचीही. त्याच वर्षी ‘विसावा’ आणि मेंढरांच्या उडीचं चित्र. पाच वर्षांपूर्वी मार्सिलियानाला भरून आणलेल्या वह्या एकदम उघडाव्यात, तसं ते वर्ष आहे. डागणीच्या चित्रांत मालक कुठे आहे, हे मी शोधत राहिलो. जमीन त्याची, खूण त्याची, सोहळा त्याचा. पण चित्राचा भार सगळा दोर ओढणाऱ्यांवर आहे. मागे रेललेली शरीरं, रोवलेल्या टाचा, ताणलेला दोर. खूण कुणाची हे महत्त्वाचं नाही, ती उमटवायला किती माणसांचं बळ लागतं हे महत्त्वाचं, असं तो सांगतो. माझ्या मते याच ठिकाणी तो आपल्या काळातल्या इतर पशुचित्रकारांपेक्षा वेगळा पडतो. रोमच्या आसपासची कुरणं एन्रिको कोलमननेही जन्मभर रंगवली, फार सुंदर रंगवली. त्याच्या जलरंगांत पहाट जिंकते. फात्तोरीकडे मात्र भर दुपार असते आणि काम अर्धवट राहिलेलं असतं.

रिकिबीत अडकलेला पाय

फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातल्या आधुनिक कला दालनात त्याचं १८८० सालचं एक चित्र आहे. उधळलेला घोडा रिकाम्या कच्च्या रस्त्यावरून दूर पळतो आहे आणि रिकिबीत पाय अडकलेला सैनिक मागे फरपटत चालला आहे. रस्त्यावर रक्ताची रेघ. शत्रू दिसत नाही, लढाई दिसत नाही, मदतीला कुणी नाही. हे चित्र मरेम्माचं नव्हे, पण मरेम्माचे स्वार समजून घ्यायला मला तेच उपयोगी पडलं. घोड्यावर पोट असलेल्या प्रत्येक माणसाला हीच भीती असते. जीन कसताना रिकिबीची रुंदी आणि जोड्याची टाच यांच्याकडे सगळे का पाहतात, ते इथे कळतं.

फात्तोरीचं पहिलं मोठं यश युद्धचित्राचंच होतं. १८६१ मध्ये त्याने मजेंताच्या लढाईनंतरच्या छावणीच्या चित्राची स्पर्धा जिंकली. त्यातही लढाई संपलेली आहे आणि जखमींना गाडीतून नेलं जात आहे. पुढे त्याने पहाऱ्यावरचे, तळावर ताटकळणारे, घोड्याला पाणी पाजणारे शिपाई काढले. शिपायाकडून गुराख्याकडे तो गेला तेव्हा विषय बदलला, नजर तीच राहिली. हुकूम दुसऱ्याचा, घोडा दुसऱ्याचा, जीव मात्र आपला, अशा माणसांची ती चित्रं आहेत.

फ्लॉरेन्समधले मास्तर

लिव्होर्नोत १८२५ मध्ये जन्मलेला हा माणूस फ्लॉरेन्समध्ये कलाशाळेत शिकवून गुजराण करत असे. तरुणपणी तो काफे मिकेलान्जोलोमध्ये जमणाऱ्या माक्कियाओली चित्रकारांत होता. उजेड आणि सावलीचे सपाट तुकडे शेजारी शेजारी ठेवून चित्र उभं करायचं, ही त्यांची रीत. काळ्या आरशात देखावा पाहायचा म्हणजे बारीकसारीक तपशील बुडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. सिगारच्या डब्याची फळकुटंही ते चित्राला वापरत. पाटी मांडीवर मावते, घोडागाडीत चालते, वाऱ्याने उडत नाही. १८६७ मध्ये पत्नी सेत्तिमिया क्षयाने गेल्यावर फात्तोरी दिएगो मार्तेल्ली या मित्राच्या कास्तिलियोन्चेल्लोच्या वाडीवर राहायला गेला. तिथे त्याने बैल खरे पाहिले. गाडीला जुंपलेल्या पांढऱ्या बैलांची ती लांबट चित्रं म्हणजे पुढच्या मरेम्मा पर्वाची पायाभरणी होय.

पावसाळी दुपारी मी फ्लॉरेन्सच्या काशिने बागेत गेलो. आर्नो नदीकाठची ही लांबच लांब बाग पूर्वी ड्यूकांची गुरांची वाडी होती. तिच्या पार पश्चिम टोकाला, मुन्योने नाला जिथे आर्नोला मिळतो तिथे, एका घुमटीखाली कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी विशीतले महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचं दहन याच संगमावर झालं. १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि घुमटीची रचना चार्ल्स मँट यांची. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांनीच योजला. महाराज वारले त्या वर्षी फात्तोरी याच शहरात कलाशाळेत शिकवत होता. त्याच्याच गटातल्या तेलेमाको सिन्योरिनीने याच काशिनेच्या काठाने दोरखंडाने होडी ओढणारे मजूर रंगवले होते. एका काठावर राजाची छत्री आणि त्याच काठावरचे दोर ओढणारे, हे दोन्ही पाहत मी बराच वेळ तिथे थांबलो.

म्हातारपणी फात्तोरीची चित्रं फारशी विकली जात नव्हती. त्याने कोरीवकाम सुरू केलं. धातूच्या पत्र्यावर तेच बैल, तेच गुराखी, शंभराहून अधिक पत्रे. रंग गेल्यावर फक्त रेघ उरली आणि माझ्या मते इथे तो सर्वांत मोठा आहे. बैलाच्या पाठीच्या कण्याची एक रेघ, खालचं पोट, आणि भोवती मोकळा कागद. एवढ्यावर उन्हाचा ताप कळतो. १९०८ मध्ये तो फ्लॉरेन्समध्ये वारला. त्याआधी काही वर्षं लिव्होर्नोहून आलेला अमेदेओ मोदिल्यानी नावाचा पोरगा त्याच्या वर्गात बसून गेला होता.

आजचं कुरण

१८९० च्या मार्चमध्ये बफेलो बिलची सर्कस रोमला आली, तेव्हा ड्यूक काएतानीने आपल्या चिस्तेर्नाच्या बुत्तेरींना पुढे केलं. अमेरिकन रानघोडे आमची माणसं माणसाळवतील, अशी ती पैज होती. आउगुस्तो इम्पेरियाली हा बुत्तेरो घोड्यावर टिकला आणि घराघरांत पोचला. पैजेच्या निकालावर दोन्ही बाजूंचे दावे वेगळे आहेत. मरेम्मात ही गोष्ट अजूनही सांगतात, आणि सांगताना आवाज चढतो. मला मात्र त्यातलं एवढंच लक्षात राहिलं की त्या एका दिवशी बुत्तेरो कामावरचा माणूस न राहता खेळ झाला. आज उन्हाळ्यात पर्यटकांसाठी घोड्यांचे खेळ होतात, आणि त्यातूनच जनावरांच्या खर्चाचा काही भाग निघतो.

दलदल आटली, दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने हिवताप संपला, ट्रॅक्टर आले आणि बैलाची गरज उरली नाही. मोठ्या जहागिरी शेतकऱ्यांत वाटल्या गेल्या. मरेम्माना जात वाचली ती मांसासाठी आणि काही थोड्या लोकांच्या हट्टापायी. अल्बेरेसेचे कायम नोकरीतले बुत्तेरी हाताच्या बोटांवर मोजता येतील. पूर्वी हे काम बापाकडून मुलाकडे जाई. आता ते शिकायला शहरातली मुलं-मुलीही येतात, आणि जुन्या माणसांना त्यांचं कौतुक आहे, कारण शिकणारा कुणी नसण्यापेक्षा ते बरं. घोडा माणसाळवायला अनेक महिने जातात. जनावर ओळखायला वर्षं.

हे काम मोटारीवरून का करत नाहीत, असं मी विचारलं. पाणथळीत गाडी रुतते, पाइनच्या रानात वळत नाही, आणि इंजिनाच्या आवाजाला गाय वासरू दाखवत नाही, असं उत्तर मिळालं. घोडा इथे हौसेखातर ठेवलेला नाही, त्याच्याशिवाय कळप राखता येत नाही. मी गेलो त्या सकाळचं काम वळू सोडायचं होतं. वसंत सरत आला की निवडलेले वळू गाईंत सोडतात, म्हणजे पुढच्या वसंतात चारा असताना वासरं होतात. कुठला वळू कुठल्या कळपात, हे वंशावळीच्या वहीत पाहून ठरलेलं होतं, कारण जनावरं थोडी आणि रक्त जवळचं. फाटकाशी तीन स्वार अंतर राखून उभे राहिले. एकाने काठीच्या आकड्याने कडी काढली. वळूने बाहेर यायला बराच वेळ घेतला, आणि तोवर कुणीही हललं नाही.